फिरतं प्रदर्शन, पावसाळी फेरी: बुरशीचं मूळ सापडलं

आपल्या जलरंग चित्रांचं प्रदर्शन वाचनालय, दवाखाना आणि शाळा असं फिरतं. त्यातल्या वाचनालयातल्या तीन चित्रांवर बुरशी आल्याचं मागच्या नोंदीत कळवलं होतं. तिचं मूळ अखेर सापडलं. ते भिंतीत कमी आणि चौकटींच्या आत जास्त आहे. बहुतेकांनी पश्चिमेच्या भिंतीकडे बोट दाखवलं होतं, म्हणून सगळं सविस्तर लिहिते. रत्नागिरीच्या पावसात काचेमागे जलरंग टांगणाऱ्या प्रत्येकाला हे उपयोगी पडेल.

भिंतीवरचा संशय रास्तच होता. जांभ्याची जुनी भिंत, नैर्ऋत्येचा पाऊस थेट अंगावर घेणारी. आषाढात तिला हात लावला तर तळवा ओलसर होतो. पण दोन गोष्टी जुळत नव्हत्या. त्याच भिंतीवर, बुरशी आलेल्या चित्राला खेटून भाट्याच्या खाडीचं चित्र होतं आणि ते अगदी स्वच्छ राहिलं. उलट थिबा पॅलेसचं चित्र आतल्या कोरड्या भिंतीवर, कपाटाशेजारच्या कोपऱ्यात होतं, आणि त्याच्या आकाशावर सगळ्यात जास्त ठिपके. अल्ट्रामरीन निळ्याचा तो सुंदर वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा पातळ थर, रंगाचे कण कागदाच्या खळग्यांत बसलेले, आणि त्यावर मोहरीएवढे पांढुरके डाग. पाहवत नव्हतं.

आर्द्रतामापक आणून भिंतीलगत आणि खोलीच्या मध्यावर आळीपाळीने ठेवला. भिंतीलगत आकडा नव्वदीच्या आसपास, मध्यावर ऐंशीच्या थोडा खाली. म्हणजे भिंतीचा फरक आहे. पण बुरशीला पासष्ट-सत्तर टक्क्यांच्या वर सतत दमट हवा मिळाली तरी पुरते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर कुठल्याही भिंतीवर ती मिळते. मग खाडीचं चित्र वाचलं कसं?

शेवटी सगळ्या चौकटी वाचनालयाच्या लांब टेबलावर पालथ्या घातल्या आणि पाठी उघडल्या. बुरशी आलेली तिन्ही चित्रं एकाच फ्रेमवाल्याकडची निघाली. त्याने कागद हार्डबोर्डवर पांढऱ्या गोंदाने पूर्ण चिकटवला होता, माउंट, म्हणजे चित्राभोवतीची जाड पुठ्ठ्याची खिडकी, वगळलं होतं आणि काच थेट रंगावर बसवली होती. मागून चारही कडा चिकटपट्टीने बंद. कागद दमट हवेत फुगतो, कोरड्यात आकसतो. त्याला हलायला जागा नाही, त्यामुळे पोट सुटलं आणि तो फुगवटा काचेला टेकला. काचेवर धरलेला दमटपणा तिथेच मुरला. बुरशीला खायला कागदातलं जिलेटिनचं सायझिंग (रंग लगेच शोषला जाऊ नये म्हणून दिलेला लेप) आणि हार्डबोर्ड आयतंच मिळालं. बंद कोपऱ्यात वारा नाही, म्हणून थिबा पॅलेसला सर्वाधिक फटका. भाट्याच्या खाडीला मात्र जाड माउंट होतं, काच आणि कागद यांच्यात पोकळी होती, आणि कागद वरच्या कडेला दोनच बिजागऱ्यांवर, म्हणजे चिकटवलेल्या छोट्या पट्ट्यांवर, लोंबत होता. तो सरळही राहिला आणि स्वच्छही.

त्या फ्रेमवाल्याचं नाव लिहीत नाही, पण नवीन काम देताना प्रत्येकाने तीनच प्रश्न विचारावेत: कागद कशाने धरणार, काच आणि चित्र यांच्यात अंतर किती, पाठ उघडता येईल का. उत्तर द्यायला जो कंटाळतो, त्याच्याकडे जलरंग देऊ नयेत. तैलरंगाच्या कॅनव्हासची पट्टी तो उत्तम बसवत असेल, कागद ही निराळी वस्तू आहे.

बिजागऱ्यांबद्दल माझं मत पक्कं झालंय: जपानी टिश्यू, म्हणजे पातळ पण चिवट कागद, आणि गव्हाच्या सत्त्वाची घरी शिजवलेली खळ. मास्किंग टेप काही वर्षांत पिवळा पडतो आणि सुटताना कागदाचा पापुद्रा घेऊन जातो. बाइंडर खळीत मोरचूद घालतात. पुस्तकाच्या पुठ्ठ्यांत किडीसाठी ते ठीक असेल, चित्रामागे मुळीच नको. तांब्याचे क्षार कालांतराने कागद करपवतात. खळ थोडी शिजवायची, उरली तर टाकून द्यायची.

आता तिन्ही चित्रांचं काय? काचा काढून ती पंख्याखाली, टिपकागदावर उताणी ठेवली आहेत. उन्हात ठेवण्याचा सल्ला आला होता, तो मी मानला नाही. थिबा पॅलेसच्या संधिप्रकाशात अलिझरिन क्रिमझन हा किरमिजी रंग आहे आणि तो उन्हाने उडतो. बुरशी पूर्ण कोरडी झाल्याशिवाय ब्रश लावायचा नाही, ओली असताना ती कागदात घासली जाते. कोरडी झाली की उघड्या पडवीत, तोंडाला मास्क लावून, मऊ ब्रशने अलगद झटकायची. गोंदाने चिकटलेला कागद हार्डबोर्डवरून सोडवायचं काम ऑक्टोबरच्या कोरड्या हवेपर्यंत थांबेल. मागून ओलावा देऊन, टिपकागदात दाबून सपाट करणं या दिवसांत धोक्याचं आहे.

काचेऐवजी अॅक्रिलिक शीट घ्यायची योजना जवळजवळ ठरली होती. हलकी आहे, दवाखान्याच्या प्रतीक्षा खोलीत मुलं धक्के मारतात तिथे फुटणार नाही. ओरखडे पडतात हा एकच आक्षेप होता. पण पाठी उघडून बसले असताना दुसरंच सुचलं: चौकटी फिरवायच्याच कशाला? चौकटी त्या-त्या जागी कायम राहू देत, फिरू देत फक्त माउंट केलेली चित्रं. क्वार्टर इम्पीरियल, म्हणजे 11 बाय 15 इंच, हाच आपल्यातल्या बहुतेकांचा आकार. त्याला बाहेरून 16 बाय 20चं माउंट ठरवून टाकलं की कुणाचंही चित्र कुठल्याही चौकटीत बसेल. मागे खिळ्यांऐवजी फिरत्या पितळी पट्ट्या, बोटाने उघडतील अशा. रिक्षातून काचा नेण्याची धास्ती संपेल, आणि बदलीच्या वेळी प्रत्येक चित्राला आपोआप हवा लागेल. चौकटीच्या खालच्या दोन कोपऱ्यांत बुचाचे तुकडे लावायचे, म्हणजे भिंतीपासून फट राहते. भाट्याच्या खाडीमागे ते आधीच लावून पाहिलेत, मापकाचा आकडा फटीत उतरलेला दिसतोय.

सिलिका जेलच्या पुड्या मात्र विसरा. हवाबंद डब्यात ती काम करते. आपल्या चौकटी हवाबंद नसतात, त्यामुळे पुडी काही दिवसांत ओलावा पिऊन बसते आणि मग नुसतीच जागा अडवते.

हे लिहिता लिहिता फेरीचा क्रमही बदलावा असं वाटू लागलंय. पश्चिमेची भिंत पावसाळ्यात रिकामीच का ठेवू नये? जून ते सप्टेंबर चित्रं शाळेच्या आतल्या हॉलमध्ये आणि दवाखान्यात, आणि दसऱ्यानंतर वाचनालय. तसं केलं तर मे महिन्यातच मोठी अदलाबदल करावी लागेल. याला कुणाची हरकत असेल तर आत्ताच सांगा.

एक आनंदाची गोष्ट राहिली. मिरकरवाड्याच्या जेटीचं चित्र दवाखान्यात लागलंय. तिथे औषधासाठी आलेल्या एका खलाशीकाकांनी चित्रातली नौका नावानिशी ओळखली आणि ती कुठल्या हंगामात तशी नांगरलेली असते तेही सांगितलं. चित्रकाराला निरोप पोचला. आता दोघं मिळून पहाटे बंदरावर बसणार आहेत. गॅलरीच्या पांढऱ्या भिंतीवर हा माणूस त्या चित्रासमोर कधी आला असता? फिरतं प्रदर्शन मला याचसाठी हवंय, आणि त्याचसाठी बुरशीशी एवढी झटापट.

जलरंग सार्वजनिक जागी टिकत नाहीत, प्रिंट लावा, असं अजूनही सुचवलं जातं. सावंतवाडीत जन्मलेल्या सा. ल. हळदणकरांचं हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचं चित्र जलरंगातलंच आहे, 1940च्या दशकातलं, आणि म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये लोक आजही त्याच्यापुढे थांबतात. कागद नीट सांभाळला तर टिकतो. मूळ चित्रंच लावायची, यावर मी ठाम आहे.

पुण्याच्या हातकागद संस्थेचा जाड कागद दोघांनी या फेरीत वापरला. वॉश जरा लवकर शोषतो, पण पोत सुरेख आणि दमट हवेत वळला कमी. पुढच्या वेळी मीही घेणार.

तर आता शोध जुन्या 16 बाय 20च्या चौकटींचा. घरात लग्नाच्या फोटोंच्या, देवांच्या तसबिरींच्या, कसल्याही चालतील, लाकूड सरळ आणि वाळवी नसलेलं हवं. माउंट कापायला मी आणि माझी जुनी पट्टी तयार आहोत, पण माउंटसाठी अॅसिड-फ्री (आम्ल नसलेला) बोर्ड सगळ्यांनी मिळून एकदमच मागवू, सुटा घेतला तर फार महाग पडतो. कुणाला किती शीट हवेत ते गणपतीच्या आधी कळवा.