तुम्ही विचारलंत म्हणून: मनगटावरचा वळ

"मॅडम, तुम्ही १०८ च्या गाडीवर असता. कुणाच्या घरात काय चाललंय ते आत शिरल्याबरोबर कळत असेल. मग पोलिसांना का नाही कळवत?" लग्नकार्यात, बारशात, जुन्या मैत्रिणी भेटल्या की हा प्रश्न ठरलेला. आम्ही कानाडोळा करतो, हे विचारणाऱ्यानं आधीच धरलेलं असतं.

नाही करत. मूल असेल आणि लैंगिक अत्याचाराची नुसती शंका आली, तरी २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ खाली कळवावंच लागतं. पुरावा शोधणं माझं काम नाही. गप्प बसले तर ६ महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. भाजलेली सून आणली तर कॅज्युअल्टीत एमएलसी होते, म्हणजे मेडिको-लीगल केस, आणि पोलिसांत नोंद जाते. माझ्या हातात असतो तो पेशंटचा कागद. नातेवाईक काय म्हणाले ते एकीकडे, मला काय दिसलं ते दुसरीकडे. "मारहाण" असं लिहायचं नाही. वळ कुठे, किती लांब, कसल्या रंगाचा, एवढंच लिहायचं. नव्या डॉक्टरांकडून मी हे घोकून घेत असे.

आणि तरी त्या आजींच्या वेळी मी ते केलं नाही.

कॉल होता "पडून मार". पत्र्याची खोली, दुपारचे अडीच. गोधडी ओली होती. आजींना कुशीवर वळवलं तर माकडहाडावर मूठ मावेल एवढी जखम, कडा काळ्या पडलेल्या. ती त्या दिवशीची नव्हती. डाव्या मनगटावर, बांगडीच्या वर, दोन बोटं रुंद वळ. जुन्या लुगड्याचा काठ फाडून केलेली पट्टी पलंगाच्या पायाला तशीच बांधलेली होती. मी तिकडे बघतेय हे सुनेनं पाहिलं.

"पलंगावरून पडल्या." मग, मी काही विचारलेलं नसताना, "मी सकाळी आठला जाते ती सहाला येते मॅडम. त्या रस्त्यावर जातात. दोनदा टेम्पोखाली येता येता वाचल्या." तिच्या दंडावर दातांच्या खुणा होत्या.

गाडीत बीपी ८० च्या वर जाईना. सलाईनला शीर मिळेना. सून पदरानं आजींचं तोंड पुसत होती आणि आजींनी तिचाच हात घट्ट धरला होता. मी लिहिलं: "नातेवाइकांच्या सांगण्यानुसार पलंगावरून पडून दुखापत. बेडसोर." बेडसोर म्हणजे अंथरुणात पडून पडून झालेली जखम. मनगट लिहिलं नाही. पट्टी लिहिली नाही. कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांनी कागद बघून सही केली. एमएलसी झाली नाही. कशाच्या जोरावर करणार होते ते?

तेव्हा मनाशी म्हटलं, पोलीस या बाईला चौकीत बसवतील, मग आजींना भरवणार कोण? आज वाटतं, तो निर्णय माझा नव्हताच, माझ्या फक्त दोन ओळी होत्या. त्या वाचून कदाचित पोलिसांच्या आधी दवाखान्यातले समाजसेवा अधीक्षक आले असते. पण लगेच उलटंही वाटतं. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात आईबापांना टाकून देणाऱ्याला शिक्षा आहे. हिनं टाकलं कुठं होतं? हरवू नयेत म्हणून बांधलं होतं. आणि जखम? ती तर मी बोटानं चाचपली होती.

पाचव्या दिवशी दुसरा पेशंट घेऊन गेले तेव्हा वॉर्डात डोकावले. कॉट रिकामी. सिस्टर म्हणाल्या, "घरच्यांनी सही करून नेलं." त्याच घरी, त्याच पलंगावर. १४५६७ हा ज्येष्ठांच्या हेल्पलाइनचा नंबर तरी मी तेव्हा सुनेच्या हातात द्यायला हवा होता. तेवढंही सुचलं नाही.

आता मनगट लिहिते. गेल्या महिन्यात एका आजोबांचं लिहिलं. त्यांची मुलगी कागदावर वाकून वाचत होती. "मॅडम, हे आमच्या अंगावर येईल का?"

मी म्हटलं, "येऊ शकतं." आणि लिहिलेलं खोडलं नाही. ती वाटभर माझ्याशी एक शब्द बोलली नाही.