तिला तुझी ओळखच नाही, मग पाळतेस कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. मँचेस्टरच्या घरात मी टॅरंटुला, म्हणजे मोठी केसाळ कोळीण, पाळते हे कळलं की ‘चावते का?’ हे एकदाच विचारतात. वरचा प्रश्न मात्र दर भेटीत येतो.

पूर्वी मी सोयी सांगायचे. माझी होमोइओमा चिलेन्सिस, ही चिलीतली छोटी, संथ जात. कोरडं कोकोपीट, पाण्याची वाटी आणि अधूनमधून एखादा रातकिडा एवढ्यावर भागतं. डबा बुटका हवा, कारण जमिनीवर राहणारी ही कोळीण उंचावरून पडली तर पोट फुटून मरते. म्हणूनच ती सहज हातावर चढत असली तरी मी घेत नाही. हे सगळं खरं आहे, पण ते तुमच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. सोयच बघायची तर काहीच पाळू नये.

गेल्या हिवाळ्यात आई साताऱ्याहून आली होती. कोळिणीने खाणं कधीच सोडलं होतं, आणि एका सकाळी डब्यात ती पाठीवर उलटी पडलेली दिसली. “गेली गं,” म्हणत आई चमच्याने तिला सुलटी करायला निघाली. मी तिचा हात धरला. मेलेली कोळीण बहुधा पाय पोटाशी दुमडून पालथी असते. उताणी पडली म्हणजे कात टाकतेय. तेव्हा अंग इतकं मऊ असतं की उरलेला रातकिडासुद्धा तिला कुरतडू शकतो. तो मी आधीच काढला होता.

आम्ही दोघी बसून राहिलो. पाठीवरचं कवच झाकणासारखं सुटलं, पाय एकेक करून जुन्या कातडीतून निघू लागले. मागचा एक अडकला. ती ओढायची, थांबायची, पुन्हा ओढायची. आई जन्मभर नर्स होती. “अगं, कर ना काहीतरी!” मी काही केलं नाही. बाहेरून ओढलं तर जखम होते, आणि रक्त थांबलं नाही तर जीव जातो. दुपारी कोळिणीनेच तो पाय तोडून टाकला. पुढच्या कातींत तो परत येतो, हे मी आईला सांगितलं. ती म्हणाली, “तुला काहीच वाटत नाही का?”

वाटतं. पाळणं म्हणजे जवळ घेणं, हे मलाही एकेकाळी पटायचं. इथे हात लावायचा नसतो, पण लक्ष सतत ठेवावं लागतं. तिने मला ओळखावं अशी माझी अट नाही. याला माया म्हणायचं की हट्ट, यावर आईशी माझा वाद अजून चालूच आहे.

आईचा दुसरा मुद्दा जास्त टोचतो. या जातीला शास्त्रीय नाव मिळालं २०१८ मध्ये, पण त्याआधीच ती बाजारात होती, आणि त्यातल्या पुष्कळ रानातून उचललेल्या. माझी बंदिवासात जन्मलेली, पिल्लू असताना घेतलेली. तरी डबा तो डबाच. रान न पाहिलेल्या जिवाला रान नको असतं, असं म्हणायला मी तयार नाही, आणि तिला देऊन टाकायलाही नाही.