एवढं धूड कशाला? तुम्ही विचारलंत म्हणून

मी बॅगेतून लॅपटॉप काढून टेबलावर ठेवते तोवर कुणी काही बोलत नाही. मग चार्जर काढते. तो विटेएवढा आहे, जवळजवळ किलोभर वजनाचा, आणि त्याच्यावर ३३० वॅट असं छापलेलं आहे. चार्जर दिसला की समोरचा माणूस आधी हसतो आणि मग विचारतो, "एवढं धूड कशाला बाळगता?" जरा ओळख असली तर लगेच पुढचं, "गेमिंगचा ना हा? म्हणजे तुम्ही गेम खेळता?"

घाईत असले तर मी "कामाला लागतो" म्हणते. वैतागलेली असले तर "व्यायाम होतो" म्हणते. खरं उत्तर मी कधी कुणाला दिलं नव्हतं. ते लांबलचक आहे आणि त्यात माझी बाजू फारशी चांगली दिसत नाही. पण गेल्या महिन्यात एकाच आठवड्यात चौघांनी विचारलं. त्यातल्या चौथ्यामुळे लिहायला बसले आहे, त्याच्याकडे शेवटी येते.

माझं काम वॉकथ्रूचं. आर्किटेक्टने काढलेली इमारत उभी राहण्याआधी ग्राहकाला तिच्यातून फिरवून आणायचं. आधीच तयार करून ठेवलेली फिल्म दाखवायची नसते. तो "डावीकडे काय आहे?" म्हणाला की तिथल्या तिथे डावीकडे वळावं लागतं, आणि त्यासाठी सेकंदाला निदान तीस, जमल्यास साठ फ्रेम, म्हणजे सुटी चित्रं, त्याच क्षणी तयार व्हाव्या लागतात. हा भार ग्राफिक्स कार्डावर, म्हणजे पडद्यावरचं चित्र काढणाऱ्या चिपवर. आणि हे सगळं माझ्या टेबलावर नाही, दुसऱ्याच्या टेबलावर करायचं असतं. डेस्कटॉप का नाही, याचं उत्तर एवढंच आहे. कॅबिनेट, मॉनिटर आणि वायरींचं भेंडोळं घेऊन मी लोकांच्या दारात जात नाही.

पातळ लॅपटॉप का नाही, हा मात्र खरा प्रश्न आहे. तो विचारणाऱ्यांवर मला रागावता येत नाही, कारण कित्येक वर्षं तो मीच विचारत होते. माझ्या एका सहकाऱ्याकडे सतरा इंची लॅपटॉप होता. मी त्याला 'तिजोरी' म्हणायचे. माझा करड्या रंगाचा, पातळ, एका हाताने उचलता येणारा. दोघांच्या खोक्यांवर कार्डाचं नाव एकच, मेमरीही तेवढीच. "मग तू हे ओझं का वाहतोस?" असं मी त्याला चारचौघांत विचारायचे, उत्तरासाठी नाही, लोक हसावेत म्हणून. तो एकदाच म्हणाला होता, "वॅट बघितलेस का?" मी बघितले नव्हते. खरं तर वॅट बघायचे असतात हेच मला माहीत नव्हतं.

लॅपटॉपमधल्या कार्डाचं नाव हे आडनावासारखं असतं. घराणं कळतं, माणूस कळत नाही. आरटीएक्स ३०६० हे लॅपटॉपचं कार्ड घ्या. लॅपटॉप बनवणारा त्याला ६० वॅट देऊ शकतो, ११५ही देऊ शकतो, आणि नाव दोन्हीकडे तेच राहतं. वरच्या पायरीवर तर आणखी गंमत आहे. डेस्कटॉपचं आरटीएक्स ४०९० म्हणजे १६,३८४ कोअर, म्हणजे हिशेब करणारे बारीक भाग, २४ जीबी मेमरी आणि ४५० वॅट. लॅपटॉपचं आरटीएक्स ४०९० म्हणजे ९,७२८ कोअर आणि १६ जीबी. मुळात चिपच वेगळी. पूर्वी लॅपटॉपच्या कार्डाच्या नावाला 'एम' अक्षर जोडलेलं असायचं, त्यामुळे निदान कळायचं. २०१६ साली एनव्हिडियाने, म्हणजे ही कार्डं बनवणाऱ्या कंपनीने, १० मालिकेत ते काढून टाकलं. तेव्हा ते फारसं खोटंही नव्हतं, कारण त्या पिढीत लॅपटॉप आणि डेस्कटॉपमधलं अंतर बरंच कमी झालं होतं. पुढच्याच वर्षी पातळ लॅपटॉपसाठी कमी विजेवर चालणारी 'मॅक्स-क्यू' कार्डं आली, आणि २०२१ च्या ३० मालिकेपासून ती शेपटीही नावातून गेली. म्हणजे आता वॅटचा आकडा शोधून बघण्याशिवाय गत्यंतर नाही. मी हे सगळं शिकले, पण ठेच लागल्यानंतर.

एका शाळेच्या नव्या इमारतीचं सादरीकरण होतं. समोर सात विश्वस्त, दोन शिक्षिका, आर्किटेक्ट. आमच्याकडून मी आणि आमचा ज्युनियर. इमारतीच्या मध्यभागी एक मोठा चौक होता, आणि त्या चौकातली सगळी झाडं ज्युनियरने लावली होती. दोन आठवडे तो त्याच्यात बुडालेला. पान न् पान वेगळं, वाऱ्यावर हलणारं. आदल्या रात्री मी मॉडेल चालवून बघितलं होतं. मोजून तीन मिनिटं, खिडकीजवळ, चौकात थोडंसं डोकावून. छान चाललं.

त्या खोलीत दुपारी प्रोजेक्टरसाठी खिडक्या लावून पडदे ओढलेले होते. लांब टेबल, त्यावर हिरवं लोकरी कापड, कापडावर पाण्याचे ग्लास. मी लॅपटॉप मधोमध ठेवला आणि सुरुवात केली. प्रवेशद्वार, ऑफिस, लांब व्हरांडा. मी बोलत होते, लोक माना डोलवत होते. जिन्याशी पोचेपर्यंत लॅपटॉपचे पंखे इतके चढले होते की एक शिक्षिका वर छताच्या पंख्याकडे बघायला लागली. वरचे वर्ग दाखवून मी सगळ्यांना चौकात उतरवलं आणि चित्र अडकलं. एक पाऊल, थांबा, मग एकदम चार पावलं. मी माउस वळवला की दृश्य अर्ध्या सेकंदाने वळायचं, आणि तेही गचका देऊन. मोठ्या पडद्यावर हे फार वाईट दिसतं. विश्वस्तांमध्ये एक वयस्कर बाई होत्या, निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी चष्मा काढला, डोळ्यांवर हात धरला आणि म्हणाल्या, "अहो, थांबवा जरा. मला गरगरायला लागलंय."

कुणीतरी त्यांना पाणी दिलं. खोली गप्प. आणि त्या गप्प खोलीत मी ज्युनियरकडे वळून म्हणाले, "किती वेळा सांगितलं तुला, झाडं हलकी ठेव म्हणून?"

मी त्याला असं एकदाही सांगितलेलं नव्हतं.

तो म्हणाला, "हो मॅडम."

उरलेलं सादरीकरण स्थिर चित्रांवर उरकलं. काम हातचं गेलं नाही, आम्हालाच मिळालं. म्हणून हा प्रसंग मी कुणाला अर्धवट सांगितला की लोक म्हणतात, मग बिघडलं काय? त्यांना मी ते 'हो मॅडम' सांगितलेलं नसतं.

त्या रात्री घरी तीच फाइल उघडली आणि बाजूला तापमान आणि वॅट दाखवणारा प्रोग्रॅम लावला. त्याच वाटेने चालले. सुरुवातीला कार्ड ६० वॅट घेत होतं, म्हणजे त्याला दिलेले सगळे. व्हरांड्यात तापमान चढायला लागलं. जिन्याच्या मधल्या पायऱ्यांवर प्रोसेसर ९७ अंशांवर होता, कार्ड ८६ वर, आणि वॅट घसरून ३८. चौकात फ्रेम अकरा.

यंत्र यात काही वावगं करत नव्हतं. कार्ड जेवढी वीज खातं तेवढी सगळी शेवटी उष्णताच होते, आणि ती बाहेर काढायचा रस्ता म्हणजे तांब्याच्या नळ्या, कडेच्या बारीक पात्या आणि पंखे. नळीत थोडंसं द्रव असतं, तापल्या बाजूला त्याची वाफ होते आणि थंड बाजूला ती पुन्हा द्रव होते. पातळ लॅपटॉपमध्ये प्रोसेसर आणि कार्ड बहुधा एकाच नळीवर जगतात, एक तापला की दुसऱ्याची जागा कमी होते. पंखे छोटे, म्हणून जोरात फिरतात, म्हणून ओरडतात. एवढं करूनही भागलं नाही की चिप स्वतःचा वेग उतरवते, जळू नये म्हणून. तिजोरीची जाडी म्हणजे बाकी काही नसतं, हवेला आणि तांब्याला दिलेली जागा असते.

आलेख बघून मी आधी सुटकेचा निःश्वास टाकला, हे कबूल करते. वॅट चौकाच्या आधीच उतरायला लागले होते, म्हणजे दोष झाडांचा नाही, यंत्राचा. मग मला 'हो मॅडम' आठवलं. दुसऱ्या दिवशी मी त्याला सॉरी म्हटलं. ओरडले होते दहा जणांसमोर. सॉरी जिन्यात म्हटलं, तो एकटा सापडल्यावर. तीन महिन्यांनी त्याने नोकरी सोडली. कारण दुसरं सांगितलं.

महिन्याभरात पातळ लॅपटॉप कपाटात गेला. पहिली तिजोरी घेतली, आणि तिच्यानंतर हे सध्याचं धूड. अठरा इंची, तीन किलोंच्या पुढे, कार्डाला १५० वॅट, मेमरी १२ जीबी. तीच शाळेची फाइल यावर चाळीस मिनिटं फिरवली, फ्रेम पन्नासच्या खाली उतरली नाही. तर हे तुमच्या प्रश्नाचं उत्तर.

पण इतकं सरळ असतं तर मी व्यायामाचा विनोद केला नसता. याची बॅटरी ९९ वॅटअवर आहे, म्हणजे तासभर ९९ वॅट पुरवेल एवढी, कारण विमानात विनापरवानगी नेता येते ती १०० वॅटअवरपर्यंतच. पूर्ण जोरात चालवून यंत्राने २०० वॅट ओढले तर हिशेब अर्ध्या तासाचा, आणि बॅटरीवर कार्डाला पूर्ण वीज मिळतच नाही. म्हणजे कुठेही गेले की माझी नजर आधी भिंतीवरचा सॉकेट शोधते. उजवा खांदा दुखतो. फोनवर आई विचारते, "तिकडे पाऊस लागलाय का गं?" तो पाऊस म्हणजे पंखे. दहातले सात दिवस लॅपटॉप टेबलावरून हलत नाही. मग डेस्कटॉप का नाही, असं तुम्ही परत विचारलंत तर उरलेल्या तीन दिवसांसाठी, एवढंच म्हणू शकते.

आणि हो, मी गेम खेळते. बरीच वर्षं नाही म्हणत आले, कारण 'गेमिंगचा लॅपटॉप' म्हटल्यावर पुरुषाकडे बघून लोक हसतात आणि माझ्याकडे बघून चमकतात. व्यावसायिक कामाचे म्हणून वेगळे लॅपटॉप मिळतात, त्यांत त्याच घराण्यातल्या चिप आणि ठरावीक सॉफ्टवेअरसाठी प्रमाणित केलेले ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारे प्रोग्रॅम, असतात. माझ्या सॉफ्टवेअरला त्याची गरज नाही, म्हणून जादा पैसे कशाला घालू, हे मी फार ठासून सांगते. तेही खरंच आहे. कीबोर्डचे रंगीत दिवे मी पहिल्याच दिवशी बंद केले, हेही सांगते. रात्री काम संपलं की ते परत लावते, हे सांगत नाही.

बाकीचे लोक हे धूड का घेतात याची यादी मला विचारू नका. ज्याची राहायची जागा दर वर्षी बदलते आणि सगळं सामान दोन बॅगांत मावायला हवं, त्याला कॅबिनेट परवडत नाही. कुणाला डोळ्यांसाठी मोठा पडदा हवा असतो. कुणाला रॅम स्वतः बदलता यायला हवी असते, पातळ यंत्रात ती बहुतेकदा बोर्डालाच डाग दिलेली असते. कुणाला नुसता रुबाब हवा असतो, तेही चालतं.

एक गोष्ट मात्र मी नंतर केली, आणि करायला नको होती. जुना पातळ लॅपटॉप काढला, शाळेच्या फाइलमधली निम्मी झाडं उडवली आणि चालवलं. गरम झाला, वॅट उतरले, पण चित्र अडकलं नाही. पंचेचाळीस-चाळीसच्या आसपास फ्रेम, वीस मिनिटं. म्हणजे झाडं जड होतीच. मी तिथे जे बोलले ते अगदीच खोटं नव्हतं? की खोटंच होतं, कारण झाडं हलकी ठेव हे सांगणं माझं काम होतं आणि ते मी केलंच नव्हतं? त्या रात्री मला मोठं यंत्र हवं होतं की थोडी अक्कल, यावर मी स्वतःशी अजून भांडते. कधी ती जिंकते, कधी मी.

आता तो चौथा. चौथा म्हणजे आमचा तो ज्युनियर. आता त्याचं स्वतःचं ऑफिस आहे. एका बैठकीत भेटला. त्याच्याकडे पातळ लॅपटॉप, खाली दोन पायांचा साधा धातूचा स्टँड. माझा चार्जर बघून हसला आणि म्हणाला, "मॅडम, एवढं धूड कशाला?" मी त्याला शाळेच्या दिवसापासून सगळं सांगायला लागले, आलेख, ३८ वॅट, जिना. माफीसुद्धा परत मागणार होते, या वेळी लोकांसमोर. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "पण मॅडम, त्या टेबलावर जाड कापड होतं ना? हवा घ्यायची भोकं खालून असतात."

म्हटलं, तेव्हा का नाही बोललास?

तो नुसता हसला आणि स्टँडवरचा लॅपटॉप उघडायला लागला.

घरी येऊन कपाटातून जुना लॅपटॉप काढला. ब्लँकेटची घडी घालून तिच्यावर ठेवणार होते, तीच फाइल, तीच वाट. पण तो टेबलावर सपाट बसेना. मधूनच डुगडुगायचा. उलटा करून बघितला तर बॅटरी फुगून खालचं झाकण वर आलेलं. आता तो चालू करता येणार नाही.