२५ आकडे झाले, आता पुढे रस्ता बंद

३६०८५२८८५०३६८४००७८६०३६७२५. एवढा लांबलचक नंबर बघून लगेच खाली स्क्रोल करू नका राव, मला सध्या याने पार येडं केलंय.

डावीकडून एकेक अंक घेत चला. ३ ला १ ने भाग जातो, त्यात काय विशेष. ३६ ला २ ने, ३६० ला ३ ने, ३६०८ ला ४ ने. सहा अंक घेतले की ३६०८५२, त्याला ६ ने भागलं की ६०१४२, बाकी शून्य. सात घेतले तर ३६०८५२८ भागिले ७ म्हणजे ५१५५०४, परत बाकी शून्य. आणि हे असं थेट २५ पर्यंत चालतं, मध्ये कुठेही गचका नाही. (मोबाईलच्या कॅल्क्युलेटरला एवढे आकडे झेपत नाहीत, पायथॉनमध्ये करून बघा.)

यांना पॉलिडिव्हिजिबल नंबर म्हणतात. शून्य सोडलं तर असे एकूण २०४५६ आहेत आणि त्यातला सगळ्यात मोठा हा. आता तुम्ही म्हणाल संख्या तर संपतच नाहीत, मग सगळ्यात मोठा कसा काय असेल? तर सुरुवातीला चंगळ असते, एक आकडी ९, त्या प्रत्येकापुढे पाच अंक चालतात म्हणून दोन आकडी ४५, तीन आकडी १५०, असं वाढत वाढत नऊ आकडी होतात २४९२. दहा आकडीसुद्धा बरोब्बर २४९२च, कारण १० ने भाग जायला शेवटी ०च लागतं आणि ते कोणालाही लावता येतं. ११ पासून मात्र वाट लागायला सुरुवात, कारण लावायला अंक दहाच आणि ११ ने भागल्यावर बाक्या अकरा प्रकारच्या, म्हणजे काहींच्या वाट्याला अंकच येत नाही. मग गळती वाढतच जाते, २४ आकडी फक्त ३ उरतात आणि २५ आकडी हा एकटा.

आणि हा कुठे अडकतो माहितीये? याच्यापुढे ० लावून २६ ने भागलं की बाकी उरते १२. म्हणजे अजून १४ हवेत, आणि एका घरात जास्तीत जास्त ९ बसतात. खेळ खल्लास!

हे सगळं आपण दहाच्या पटीत मोजतो म्हणून आहे, बारा अंकांची पद्धत घेतली तर यादीच वेगळी, त्यामुळे काही लोक याला नुसता टाईमपास म्हणतात. म्हणोत बापडे.

कागदावर करायचा असेल तर छोटा भाऊ आहे, १ ते ९ प्रत्येक अंक एकदाच वापरून असा नंबर बनवा. पाचवा अंक ५च, सम जागांवर सम अंक, तिसरा आणि सातवा विषम म्हणून चौथा आणि आठवा २ किंवा ६च, मग मधले तीन अंक २५८ नाहीतर ६५४. तिथून थोडी खाटखूट केली की एकच उरतो, ३८१६५४७२९.