रामपुरा-भानपुरा: नाव दोघांचं, कचेरी गरोठला

इंदूरच्या जुन्या मराठी घरात होळकरशाहीतल्या नोकऱ्यांचा विषय निघाला की कुणाचे तरी पणजोबा रामपुरा-भानपुऱ्याला असतातच, कुणी अमीन, कुणी कारकून, कुणी मास्तर. आता नकाशात शोधाल तर या नावाचा जिल्हाच नाही. म्हणून मामेभावाला म्हटलं, चल दादा, बघून येऊ. पोहे-जलेबी हाणली आणि उज्जैनमार्गे निघालो.

होळकर संस्थान एकसलग नव्हतंच, तुकड्यातुकड्यांत पसरलेलं. इंदूर, महिदपूर, निमाड, नेमावर आणि पार उत्तरेला, राजस्थानला खेटून हा रामपुरा-भानपुरा. जिल्ह्याचा मुख्य अधिकारी तो सुभा, त्याच्या हाताखाली परगण्यावर अमीन. गंमत म्हणजे नाव दोन गावांचं आणि कचेरी पुढे तिसऱ्याच गावी, गरोठला! गरोठ मात्र आम्ही चहापुरतंच बघितलं, थांबावं असं फारसं काही वाटलं नाही, खरं सांगतो.

भानपुऱ्याला मात्र थांबायलाच हवं. यशवंतराव होळकरांची छत्री, म्हणजे स्मारक, इथे आहे. १८०५ च्या शेवटी इंग्रजांशी तह झाला पण या माणसाला काही तो पचला नाही, भानपुऱ्यात तोफा ओतायचा कारखाना काढला आणि स्वतः भट्टीशी उभं राहून काम करायचे म्हणतात, पुढे डोक्यावर परिणाम झाला आणि १८११ मध्ये इथेच गेले, वय जेमतेम पस्तीस. आवारात हिंगलाजगड या इकडच्याच जुन्या किल्ल्यावरच्या मूर्ती ठेवल्यात. एका मूर्तीचं नाक गेलंय, पण कमरपट्ट्याचा एकेक मणी वेगळा मोजता येतो, दादा तिथून हलेचना. राजवाड्यासमोर रोज पार्किंगवरून भांडणारे आपण, आणि ज्यांच्या नावाने छाती फुगवतो त्यांची छत्री इतक्या लांब, किती इंदूरकरांनी बघितलीय?

आता रामपुरा. हे मूळचं चंद्रावत राजपुतांचं, होळकरांकडे आल्यावरही त्यांनी बंडं केली आणि अहिल्याबाईंना फौज पाठवून ती मोडावी लागली. भानपुऱ्याहून नकाशात बोटभर अंतर दिसतं पण सरळ जाता येत नाही, मधे गांधीसागर पसरलाय. चंबळवरचं हे धरण १९६० ला पुरं झालं आणि जुन्या जिल्ह्याचा मधलाच भाग पाण्याखाली गेला, गावंच्या गावं उठली. म्हणजे पणजोबा ज्या वाटेने घोड्यावरून एका परगण्यातून दुसऱ्यात जात असतील तिथे आता होड्या. आम्ही धरणावरून वळसा घालून गेलो, आणि रस्ता काही ठिकाणी असा की कंबरेची वाट.

रामपुऱ्यात चहाच्या टपरीवर एक आजोबा भेटले. होळकरांचं नाव काढलं तर खूश, पण लगेच गाडी आली २०१९ वर. त्या सप्टेंबरात धरणाचं पाणी उलटं गावात शिरलं होतं. भिंतीवर छातीच्या वर हात ठेवून म्हणाले, "यहाँ तक, भैया." मग जिल्ह्याचं विचारलं तर हसले, "हमारा तो जिला ही बदलता रहता है."

खोटं नाही. २८ मे १९४८ ला इथली संस्थानं एकत्र करून मध्यभारत राज्य झालं तेव्हा हा मुलूख मंदसौर जिल्ह्यात घातला. मंदसौर म्हणजे शिंद्यांचं! म्हणजे होळकरांची रयत दाखल्यासाठी शिंद्यांच्या गावी, आमच्या आजोबांना हे शेवटपर्यंत खटकायचं (नव्या राज्याचे प्रमुख, म्हणजे राजप्रमुख, शिंदे आणि उपराजप्रमुख होळकर, हेही खटकायचंच). मग १९९८ ला नीमच जिल्हा वेगळा निघाला, रामपुरा तिकडे गेलं, भानपुरा आणि गरोठ मंदसौरातच राहिले. जोडनावातली दोन गावं आता दोन जिल्ह्यांत, मधे एवढा मोठा तलाव.

जायचं तर पावसाळा संपल्यावर जा आणि गाडी स्वतःची न्या, बसच्या भरवशावर दोन्ही गावं एका दिवसात होणार नाहीत. हिंगलाजगडला वेगळा दिवस ठेवा, आम्ही ठेवला नाही आणि दादा परतीच्या वाटेवर पार उज्जैन येईपर्यंत मला त्यावरून ऐकवत होता.