तुम्ही विचारलंत म्हणून: गुलाब कुणाचे लावायचे?

गुलाबाचं वेड असलेल्या माणसाशी ओळख झाली की दुसऱ्या-तिसऱ्या वाक्याला प्रश्न येतोच. "तुमचा आवडता ब्रीडर कोण? ऑस्टिन, कोर्देस की मेयाँ?" (ब्रीडर म्हणजे संकर करून नवे गुलाब घडवणारा.) आणि लगेच पाठोपाठ, "मग आम्ही कुणाचे घेऊ?" पहिल्याचं उत्तर मी देते, दुसऱ्याचं टाळते. विचारणाऱ्याच्या बागेत सकाळी पानं किती वेळ ओली राहतात, हे कळल्याशिवाय काय सांगणार? तरी तुम्ही विचारलंत म्हणून दोन्हींचं एकदमच लिहिते.

नवीन गुलाब तयार करण्याची कृती तशी घरीही जमण्यासारखी आहे. अर्धवट उमललेली कळी धरायची, पाकळ्या ओढून काढायच्या, पुंकेसर पिकायच्या आत चिमट्याने खुडायचे. दुसऱ्या दिवशी मधल्या स्त्रीकेसरांची टोकं चिकट झाली की दुसऱ्या वाणाचा पराग ब्रशने त्यावर टेकवायचा, वर कागदाची टोपी घालायची, देठाला चिठ्ठी बांधायची. फळ पिकायला काही महिने जातात, बी ओलसर थंडाव्यात ठेवावं लागतं, आणि तरीही ते त्याच्या मर्जीनेच रुजतं. इथपर्यंत हौशी आणि नामांकित यांच्यात फारसा फरक नाही. फरक पडतो तो नंतर. उगवलेल्या हजारो रोपांपैकी जवळजवळ सगळी ब्रीडर उपटून टाकतो, आणि बऱ्याच वर्षांनी एखादं वाण बाजारात येतं. कुठली रोपं ठेवायची हे तो आपल्या आवडीने ठरवतो, पण त्याच्याकडची हवाही ते ठरवत असते. म्हणून ब्रीडरचं नाव ऐकलं की मी आधी त्याचं शेत कुठे आहे ते बघते.

डेव्हिड ऑस्टिन यांचंच घ्या. इंग्लंडमधल्या श्रॉपशरचा हा माणूस. 1961 साली त्यांचा 'कॉन्स्टन्स स्प्राय' आला, तो वर्षातून एकदाच फुलणारा. पुढे जुन्या गुलाबांची भरगच्च पाकळ्यांची ठेवण आणि सुगंध कायम ठेवून पुनःपुन्हा फुलणारी झाडं त्यांनी दिली. 1983 चा पिवळा 'ग्रॅहम थॉमस' त्यातला सर्वांत नावाजलेला. फोटोतच जीव अडकावा अशी ही फुलं. पण ती निवडली गेली सौम्य उन्हाळ्यात. जिथे ऊन कडक आणि वाढीचा हंगाम लांब, तिथे चार फुटांचं म्हणून आणलेलं झाड आठ-नऊ फुटांच्या काठ्या फेकतं, नि टोकाला दोन फुलं. अशा वेळी छाटत बसू नका; काठ्या आडव्या वाकवून बांधा, प्रत्येक डोळ्यातून फुटवा येतो. दमट हवेत याच भरगच्च कळ्यांच्या बाहेरच्या पाकळ्या चिकटून बसतात आणि कळी न उमलताच तपकिरी होते. तिथे कमी पाकळ्यांचे गुलाब बरे. मला ऑस्टिन आवडतात, पण त्यांच्या नावावर डोळे मिटून विश्वास टाकण्याइतके नाही.

कोर्देस यांच्याबद्दल माझं मत वेगळं आहे. जर्मनीतल्या या घराण्याचा पांढरा 'आइसबर्ग' 1958 चा; कडक उन्हाळ्याच्या प्रदेशांतही तो इतका लावला जातो की काही जणांना आता त्याचा कंटाळा आलाय. मला नाही. पण त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे 1990 च्या सुमारास त्यांनी आपल्या निवडीच्या शेतात बुरशीनाशकं मारणंच थांबवलं. औषधाच्या जिवावर उभी असलेली झाडं उघडी पडली आणि गेली. अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या विल्यम रॅडलर यांनी याच्याही पुढची तऱ्हा केली. रोगट पानं वाळवून, त्यांची पूड करून ती आपल्याच रोपांवर टाकायची, वरून पाणी शिंपडायचं, आणि तगेल ते ठेवायचं. त्यातून 2000 साली 'नॉक आउट' बाजारात आला. सुगंध जवळजवळ नाही, फूल साधंसं. रसिक नाकं मुरडतात. मुरडू देत. फवारणीचा पंप घरात नसलेल्या माणसाला त्याने गुलाब लावायला लावला.

थंडीचा प्रश्न ज्यांना आहे त्यांचं उत्तर त्या मानाने सोपं. कॅनडात ओटावाला फेलिसिटास स्वेडा यांनी जी 'एक्सप्लोरर' मालिका काढली ('जॉन कॅबट', 'विल्यम बॅफिन' वगैरे), ती याच कामासाठी. अमेरिकेतल्या आयोवा स्टेट विद्यापीठातल्या ग्रिफिथ बक यांचे गुलाबही तसेच काटक.

आता रोगांचं. काळे ठिपके आणि भुरी (पानांवर पांढरी भुकटी धरणारी बुरशी) ही दोन नावं लोक एका दमात घेतात, पण त्यांच्या सवयी उलट आहेत. काळ्या ठिपक्यांच्या बुरशीला पान सलग सात-आठ तास ओलं मिळालं की ती रुजते. भुरीला पानावर पाणी नकोच असतं. दिवसा कोरडं ऊबदार आणि रात्री गार-दमट, हे तिला मानवतं. म्हणजे पावसाळी हवेतल्या माणसाने 'भुरी येत नाही' हे कौतुक ऐकून झाड घेण्यात अर्थ नाही. आणि जिथे पाऊस फार, तिथे गर्द पिवळे-केशरी गुलाब जरा चौकशी करून घ्या. याला इतिहास आहे. 1900 साली लियाँच्या पेर्ने-ड्युशे यांनी 'सोलेय दोर' आणला, इराणी पिवळ्या गुलाबाच्या संकरातून. आजचा झगझगीत पिवळा रंग तिथून आला, आणि काळ्या ठिपक्यांना बळी पडायची खोडही त्याच रक्तातून. अलीकडच्या ब्रीडरांनी ती बरीच घालवली आहे, सगळ्यांनी नाही.

माझे आवडते ब्रीडर मात्र वरच्या यादीत नाहीत. ऑस्ट्रेलियात मेलबर्नजवळच्या बुल्ला गावी अ‍ॅलिस्टर क्लार्क हौसेने गुलाब तयार करायचे. मणिपूर-म्यानमारकडच्या डोंगरात वाढणारी 'रोझा जायगँटिया' ही रानटी वेल त्यांनी संकरात आणली, आणि 1924 चा 'लॉरेन ली' दिला, जो तिथल्या सौम्य हिवाळ्यातही फुलतो. दुसरे कोडैकनालचे वीरराघवन. त्यांचं म्हणणं असं की आधुनिक गुलाब थंड देशांत, थंड देशांसाठी घडला. उष्ण हवेला तिच्याच रानगुलाबांपासून घडवलेलं झाड हवं. म्हणून तेही जायगँटिया घेतात, आणि पाणथळ, उष्ण जागी वाढणारी 'रोझा क्लिनोफिला'ही. हे गुलाब सहज मिळत नाहीत, ही अडचण आहेच. उष्ण हवेत त्यांच्या जोडीला 'टी' आणि 'चायना' या जुन्या गटांतले गुलाब शोधा. त्यांना हिवाळ्यातल्या झोपेची गरज नसते.

फ्रान्सच्या मेयाँ घराण्याचं राहिलंच. 1935 च्या संकरातून आलेला त्यांचा 'पीस' माहीत नाही असा गुलाबवेडा नसेल. युद्ध संपत आलेलं असताना 29 एप्रिल 1945 ला अमेरिकेत त्याचं हे नाव जाहीर झालं. मी लावलेला आहे, तक्रार नाही.

नर्सरीत गेलात की चिठ्ठीवरचं व्यापारी नाव सोडा, खालचं सांकेतिक नाव वाचा. पहिली तीन इंग्रजी अक्षरं ब्रीडरची असतात: कोर (कोर्देस), ऑस (ऑस्टिन), मेइ (मेयाँ), टॅन (टान्टाऊ). मग विचारा, कलमाचा डोळा कुठल्या खुंटावर, म्हणजे मुळं देणाऱ्या खालच्या झाडावर, भरलाय? मल्टिफ्लोराचा खुंट आम्लधर्मी मातीत खूश असतो, चुनखडीच्या जमिनीत त्याची पानं पिवळी पडतात. रेताड, सूत्रकृमी असलेल्या जमिनीत फॉर्च्युनियाना चांगला. विक्रेत्याला हे सांगता आलं नाही, तर तुमच्याच हवेतल्या कुणाच्या बागेत ते झाड वर्षातल्या सगळ्यात वाईट महिन्यात जाऊन बघा. फुलं सोडा, बुंध्यापासून गुडघाभर उंचीपर्यंत पानं शिल्लक आहेत का, तेवढं बघून या.