वेचणीचं खातं: कुऱ्हा दोनदा का येत होतं, ते सापडलं

राजेहो, सापडलं! मागच्या नोंदीत कापूस वेचणीच्या जावा प्रोग्रॅममधला हिशेब साध्या यादीतून (लिस्ट) काढून हॅशमॅपमध्ये टाकला होता, म्हणजे खुणेवरून नोंद शोधणाऱ्या साठ्यात; ती खूण म्हणजे ‘की’, तिच्यासमोरची नोंद ‘व्हॅल्यू’. मजूर ज्या गावाहून येतात ते गाव ‘की’, वेचलेले किलो ‘व्हॅल्यू’. जुन्या आकड्यात नवा मिळवणाऱ्या मर्ज मेथडने बेरीज एका ओळीत आटोपली, तेव्हा फार बरं वाटलं होतं. मोझरी बरोबर, वरखेड बरोबर. फक्त तिवसा तालुक्यातलं कुऱ्हा दोनदा यायचं आणि कापूस दोन्हीकडे वाटला जायचा.

स्क्रीनवर दोन्ही नावं एकसारखी. डीबगरमध्येही (चालता प्रोग्रॅम थांबवून आत बघायचं साधन) तेच. ट्रिम करून मागचीपुढची रिकामी जागा काढली, फरक नाही. मग लेंग्थ (नावातल्या अक्षर-चिन्हांची संख्या) छापली तर एकाची ६, दुसऱ्याची ७! एकेक अक्षराचा कोड काढला तेव्हा उलगडलं. मी लॅपटॉपवर टाइप करतो तेव्हा थेट ऱ (यूनिकोड या अक्षर-क्रमांकांच्या यादीत ०९३१) पडतो. वहिनी काट्याजवळ मोबाइलवर नोंद करतात, तो कीबोर्ड साधा र, हलंत (पाय मोडायचं चिन्ह) आणि मागे अक्षरं जोडणारा, न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर टाकतो. अक्षरं वेगळी म्हणून हॅशकोड (की कुठे ठेवायची ते ठरवणारा आकडा) वेगळा, ‘दोन्ही सारखे का’ तपासणारं इक्वल्सही ‘नाही’ म्हणतं. हॅशमॅपचं काहीच चुकत नव्हतं.

जॉइनर सरसकट उडवले, तर रफारवाला ‘कुर्हा’ तयार झाला. म्हणजे ‘की’ वेगळी ती वेगळीच! मग एकच अक्षर वेगवेगळ्या तऱ्हेने लिहिलेलं असेल तर एकसारखं करणारा जावाचा नॉर्मलायझर एनएफसी (जोडून लिहायच्या) प्रकारात चालवला. तो र आणि नुक्ता (अक्षराखालचा टिंब) जोडून ऱ करतो, पण जॉइनरला हात लावत नाही. म्हणून त्यानंतर ‘र, हलंत, जॉइनर’ या तिघांच्या जागी ‘ऱ, हलंत’ ठेवलं. आणि एकच कुऱ्हा, पूर्ण कापसासकट!

ही सफाई मॅपमध्ये नोंद टाकणाऱ्या पुटच्या आधी जागोजागी लिहायची नाही, असं माझं ठाम मत आहे. नुसती स्ट्रिंग (साधा मजकूर) ‘की’ म्हणून वापरणं सोडा. मी ‘गाव’ नावाचा रेकॉर्ड (माहिती धरून ठेवणारा जावाचा छोटा प्रकार) केला आणि सफाई त्याच्या कन्स्ट्रक्टरमध्ये, म्हणजे तो तयार होताना चालणाऱ्या कोडमध्ये, घातली. जावा १६ पासून रेकॉर्ड पक्के आहेत, इक्वल्स आणि हॅशकोड आपोआप मिळतात, आणि आतली माहिती (फील्ड) फायनल, म्हणजे न बदलणारी, असल्याने मॅपमध्ये गेलेली ‘की’ मागाहून बदलत नाही.

आता मजुरीचे दर जोडणार होतो, पण यादी गाववार लावायला ट्रीमॅप (‘की’ क्रमाने लावून ठेवणारा मॅप) घेतला आणि नवंच दिसलं. यूनिकोडमध्ये ळ हा ल च्या लगेच पुढे आहे, आपल्या वर्णमालेत ह नंतर. त्यामुळे वाळकी वाशिमच्या आधी लागते. दर थांबतील, आधी कम्पॅरेटर (दोन गावांत आधी कोणतं ते ठरवणारा कोड) लिहितो. ट्रीमॅप इक्वल्सला विचारतच नाही, तुलनेत शून्य आलं की दोन्ही गावं एकच धरतो, म्हणून कम्पॅरेटर जपून लिहावा लागेल. कुणी ळ चा क्रम आधीच बसवला असेल तर कोड टाका.